ऐकू येतंय का?

हेडसेट घेताना माणूस काय काय ताडून पाहतो! ड्रायव्हर किती मिलिमीटरचा, बास कसा घुमतो, बॅटरी किती तास टिकते. घेतोय फोनवर बोलायला, तेवढं विसरतो. गोंगाट दाबणाऱ्या ‘एएनसी’साठी चार पैसे जास्त मोजतो, ती सोय त्याच्या कानापुरती. दादरच्या फलाटावरची उद्घोषणा त्याला ऐकू येत नाही, फोनच्या पलीकडच्या काकूंना मात्र गाडी किती डब्यांची तेही कळतं. त्यांच्यासाठी लागतो चांगला माइक, आणि तोही तोंडाजवळ. कॉल सेंटरातले ते दांडीवाले, गबाळे हेडसेट म्हणूनच टिकून आहेत. पण दांडी लावून मिरवणार कोण? शिवाय कॉल सुरू झाला की ब्लूटूथ सहसा गाण्यांची रुंद वाट सोडून बोलण्याच्या अरुंद वाटेला लागतं: सेकंदाला आवाजाच्या ४४,१०० नमुन्यांवरून १६,०००वर, जुन्या जोडण्यांत तर ८,०००वरच. पाच हजारांच्या यंत्रातून आवाज निघतो एसटीडी बूथमधला! तेव्हा दुकानातूनच घरी फोन लावावा. ‘कोण बोलतंय?’ असं उत्तर आलं, तर निमूटपणे पुढचं खोकं उघडायला सांगावं. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.