मोटर अमर रहे!

कॅनडा कॉर्नरपासून कॉलेज रोडपर्यंत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरा. वॉशिंग मशीनच्या कपाळावर गोल स्टिकर असतोच: मोटरवर 10 वर्षांची वॉरंटी. कुठे कुठे 20. नाशिककर लगेच हिशेब मांडतो, की 2027 च्या सिंहस्थाला आलेल्या पाहुण्यांचे टॉवेल धुणारं मशीन पुढच्या सिंहस्थापर्यंत सहज जाईल.

गोम अशी, की मोटर सहसा जातच नाही. जातो तो पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), जातं बेअरिंग, जातो ड्रेन पंप, फाटतं दाराचं रबर. आणि या मंडळींची वॉरंटी बहुतेक दोन वर्षांत आटोपते. जो मरायचाच नाही त्याचा विमा फुकट वाटायला कुणाच्या बापाचं काय जातं?

त्यात काही मॉडेलांचा टब सीलबंद. बेअरिंग काही शे रुपयांचं, पण ते काढता येत नाही म्हणून अख्खा टब बदला. खर्चाचा आकडा ऐकून माणूस नवीन मशीनच बघायला लागतो. कंपनीची तरी दुसरी काय अपेक्षा असते! दुरुस्तीचा हक्क मिळावा म्हणून केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. हक्क मिळाला, आता बोर्ड तेवढा मिळायचा आहे.

कंपनीच राहिली नाही तर? मराठी मध्यमवर्गाच्या मोरीत मशीन नेऊन ठेवणाऱ्यांत औरंगाबादचं व्हिडिओकॉन आघाडीवर होतं. 2018 मध्ये ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. वॉरंटी कार्डावर कंपनीच्या आयुष्याची वॉरंटी नसते.

सगळं खापर कंपनीवर फोडून मात्र भागायचं नाही. गंगापूर धरणाचं पाणी कमी पडलं की सोसायटी टाकीत बोअरचं सोडते. आपल्या काळ्या खडकातलं ते पाणी बहुधा जड. बादलीला जे पांढरे थर धरतात, तेच फ्रंट लोडच्या हीटरवर चढतात. महिन्या-दोन महिन्यांनी डिस्केलिंग पावडर टाकून मशीन रिकामं, गरम पाण्यावर फिरवायचं असतं. आपण काय करतो? वरून झाकण पुसतो आणि क्रोशाचं कव्हर घालतो.

वरच्या मजल्याची गंमत वेगळी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असली तर दाब जेमतेम 0.3 बार. मशीन पाण्याची वाट बघून बघून एरर दाखवतं, आपण कंपनीला शिव्या घालतो, आणि हवा असतो साधा प्रेशर पंप.

पावडरचं तर विचारूच नका. फेस नाही म्हणजे कपडे निघाले नाहीत, ही आपली श्रद्धा. फ्रंट लोडला कमी फेसाची पावडर लागते. आपण हाताने धुवायची पावडर मूठभर ओततो. न विरघळलेला चिकटा रबराच्या घडीत बसतो, त्यावर बुरशी येते, मग 'मशीनला वास येतो' म्हणून तक्रार. धुणं झाल्यावर रबर पुसून दार उघडं ठेवायला पैसे पडत नाहीत. खाली उजवीकडे किंवा डावीकडे छोटी झडप असते, तिच्यामागे फिल्टर. तो काढा: दोन रुपयांचं नाणं, ब्लाउजचा हूक, पिशवीचा धागा आणि विरघळलेलं बसचं तिकीट. पंप अडतो तो यांच्यामुळे.

तेव्हा खरेदीला जाताना वायफाय आहे का, प्रोग्राम किती, हे विचारू नका. पंधरांतला एकच वापरणार आहात. बोर्ड कितीला पडतो, टब उघडतो का, सुटे भाग नाशकात मिळतात की मुंबईहून येतात, एवढं विचारा. त्याहून सोपं म्हणजे गल्लीतल्या मेकॅनिकला गाठा आणि त्याच्या घरी कुठलं मशीन आहे ते बघा. हीटर नाही, बोर्ड नाही, बादलीने पाणी ओतलं तरी चालणारं, कान पिळायच्या टायमरचं सेमी-ऑटोमॅटिक निघालं, तर नवल वाटून घेऊ नका. बोर्ड बदलून बदलून त्याला शहाणपण आलंय, आणि त्याचे पैसे आपण भरलेत.