कुत्रा कोणत्या खात्यात टाकावा?

होतकरू श्वानपालकहो, आधी वही घ्या, कुत्रा मागाहून. शंभर पानी पुरते. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. जमेच्या बाजूला फारसं काही लिहावं लागणार नाही. तिथे पाहिजे तर चित्रं काढा.

मी एका लहान कारखान्यात हिशेब लिहितो. बावीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवतोय आणि सहा वर्षं घरात कुत्री सांभाळतोय. पहिल्या कामात पैसा आपला नसतो, दुसऱ्यात तो आपला राहत नाही. तेव्हा बेताच्या पगारात कुत्रं कसं पाळावं, हे सांगायचा थोडा अधिकार मला पोहोचतो.

पाठ पहिला : फुकट

सगळ्यांत महाग कुत्रा म्हणजे फुकट मिळालेला. आमच्या जिन्याखाली गल्लीतली कुत्री व्यायली. चार पिल्लं. तीन लोकांनी नेली, चौथं तिथेच पोत्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांकडे बघत राहिलं. “ही एकटीच शिल्लक राहिली की हो,” बायको म्हणाली आणि तेच तिचं नाव पडलं. तेव्हापासून महिनाअखेरीला आमच्या घरात शिल्लक असते, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगू शकतो.

चूक इथेच झाली. पिल्लाला दूध द्या, पोतं द्या, पावसात वर छत्री धरा, पण नाव ठेवू नका. नाव ठेवलं की ते आपल्या नावे पडतं.

काही विद्यार्थ्यांना जातिवंत कुत्रा विकत घ्यायचा मोह होईल. त्यांनी घ्यावा, पण पिल्लाच्या किमतीकडे बघू नये, वजनाकडे बघावं. जंताची गोळी किलोवर ठरते, गोचिडीचं औषध किलोवर ठरतं, भूल किलोवर ठरते. लॅब्रेडॉर उशीवर मावत असताना घरात येतं आणि वर्षभरात तिशीच्या आसपास जातं. किलोंच्या म्हणतोय, पोळ्यांचा आकडा वेगळा. हस्की सैबेरियातला, त्याला मे महिन्यात एसी लागतो. आमच्याकडे पंखा आहे आणि त्याचा रेग्युलेटर तीनवर अडकलाय. बसक्या नाकाचा पग गोड दिसतो, पण तो घोरतो ते लाडानं नव्हे, त्याला श्वास पुरत नाही म्हणून. ती तक्रार जन्मभर दवाखान्यात जाते.

गावठी कुत्री पंधरा-अठरा किलोंवर थांबते. केस आखूड, ते कापायला कुठे न्यावं लागत नाही. पोस्टखात्यानं २००५ साली मुधोळ, राजपालयम वगैरे देशी जातींची तिकिटं काढली. आमच्या जातीचं काही निघालं नाही. बरोबरच आहे, ही जात बिनतिकीटच येते.

पाठ दुसरा : इथे कंजुषी नको

हा पाठ मी फी भरून शिकलो आहे, म्हणून जरा लांबेल.

डॉक्टर म्हणाले होते, सहा ते आठ आठवड्यांची झाली की पहिली लस, पुढची तीन-चार आठवड्यांनी, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. मी वही उघडली. तारीख तेवीस होती आणि तेविसाव्या तारखेला वहीत जे असतं तेच होतं. म्हटलं, पगार झाला की बघू. रस्त्यावरची जात, तिला काय होतंय?

अठ्ठाविसाव्या तारखेला तिला पार्व्हो झाला. आधी पिवळी ओकारी, मग रक्ताचे जुलाब, आणि तो वास, जो एकदा नाकात बसला की ओळखायला डॉक्टर लागत नाही. रोज सकाळी दवाखान्यात आणि संध्याकाळी घरी अशी सलाइनची वाटणी ठरली. सलाइनची बाटली आम्ही खिडकीच्या गजाला सुतळीनं टांगली. तिच्या पुढच्या पायाला सुई, वर पांढरी चिकटपट्टी आणि त्या पट्टीवर बायकोनं आपल्या जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळलेला. पाय तो केवढा, माझ्या करंगळीएवढा! आम्ही आळीपाळीनं जागत होतो. माझ्या पाळीत मी थेंब मोजत बसायचो. सवयच ती, मिनिटाला किती थेंब, थेंबाला किती पैसे. तिसऱ्या रात्री आकडेमोड चुकायला लागली म्हणून सोडून दिली.

पाचव्या दिवशी तिनं शेपटी हलवली, ती नळीला लागली आणि सुई निघाली. डॉक्टर म्हणाले, निघू दे आता.

वहीतली नोंद अशी : लस न दिल्यामुळे वाचले ८०० रुपये. सलाइन, इंजेक्शनं, रिक्षा मिळून गेले ९,४००. नवीन शेगडीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, ते गेले. जुन्या शेगडीचा डावा बर्नर अजून काडी दोनदा ओढल्याशिवाय पेटत नाही. पेटला की मला दर वेळी पार्व्हो आठवतो. एक गोष्ट आणखी टिपून घ्या. हा विषाणू मातीत, फरशीच्या सांध्यांत महिनोन्महिने जिवंत राहतो आणि फिनेलला दाद देत नाही. ब्लीचला देतो. नवीन पिल्लू आणण्याआधी जागा ब्लीचनं धुवा. बाटली फिनेलच्याच फडताळात मिळते.

रेबीजची लस मात्र फुकटात टोचून घेता येते आणि हे फुकट खरंच फुकट असतं. ६ जुलै आणि २८ सप्टेंबर, कॅलेंडरवर एकादशीसारख्या गोल करून ठेवा. १८८५ साली ६ जुलैला लुई पाश्चरनं रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला टोचली आणि २८ सप्टेंबर ही त्याची पुण्यतिथी. या दोन दिवसांच्या आसपास ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं लागतात. एरवी सरकारी जनावरांचा दवाखाना आहेच. केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचं. आमच्या पुढे एक शेळी होती, मागे कालवड. शेळीवाल्या आजोबांनी शिल्लककडे निरखून पाहिलं आणि विचारलं, “हिचा काय उपेग?” मी म्हटलं, “राखण करते.” तेवढ्यात शेळी शिंकली आणि राखणदारीण माझ्या पायजम्यात शिरली. आजोबा पुढे काही बोलले नाहीत. सभ्य माणूस.

लस टोचल्याचा कागद जपून ठेवा. महापालिकेचा परवाना काढताना तो दाखवावा लागतो. रेबीज एकदा अंगावर दिसायला लागला की त्यावर उपाय नाही, ना कुत्र्याला, ना माणसाला. त्या कागदावर चहाचा कप ठेवू नये.

पाठ तिसरा : पंगत

कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तुपाचा भाव त्या गोष्टीत येत नाही. आजच्या भावात मी भाकरीमागे धावेन, वाटी घरी ठेवून.

पिशवीतलं तयार खाणं चांगलं असतं, सोपं असतं, आणि दुकानदार पिशवीवरचा आकडा अंगठ्यानं झाकून देतो. आम्ही पंचवीस तारखेपर्यंत भातावर असतो आणि नंतरही भातावरच असतो. चिकनवाल्याकडे रात्री दुकान आवरताना जायचं, “कुत्र्यासाठी” म्हणायचं. माना आणि पाय किलोच्या मानानं पाणी किमतीत मिळतात. ते हळद घालून, मीठ न घालता शिजवायचे, हाडं काढून टाकायची आणि मऊ भातात कालवायचे. शिजलेल्या हाडाच्या फासा होतात आणि त्या आतड्यात रुततात, म्हणून हाडं काढताना घाई करू नये. श्रावणात कोंबडी उतरते. माणसांनी पाळलेल्या व्रताचं पुण्य कुणाला लागतं याबद्दल आमच्याकडे दुमत नाही.

उरलंसुरलं घालण्यात मात्र एक गोची आहे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आता मराठी घरात उरलेलं असं काय असतं, ज्यात कांदा नाही? याचं उत्तर आमच्या आईनं दिलं. तिनं शिल्लकला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. पण आषाढी झाली, चातुर्मास लागला, आईचं कांदा-लसूण बंद झालं आणि घरात बिनकांद्याचं ताट कुणाकुणाचं, हे मोजायची वेळ आली. दोघींचं. तेव्हापासून आईची मऊ खिचडी थोडी जास्त पडायला लागली.

सत्यनारायणाच्या प्रसादातले बेदाणे मात्र वेचून काढा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, अगदी थोडेही. चॉकलेटही नाही. गुरुजींना हे पटवून द्यायला आम्हाला दोन पूजा लागल्या.

पाठ चौथा : सोफा

हा पाठ रद्द करण्यात आला आहे. सोफाही. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के येतात, हे काम चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं आणि त्या काळात त्याच्या हिरड्या शिवशिवतात, एवढी माहिती पुरे. जुन्या टॉवेलला गाठी मारून, भिजवून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तो गार टॉवेल चावायला द्या. आम्हाला हे सोफ्यानंतर कळलं.

पाठ पाचवा : घरचा वैद्य

पैसे वाचवण्यासाठी माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे स्वतः डॉक्टर होतो. शेजारचे काका म्हणतील, गोचिडींना रॉकेल चोळा. चोळू नका. कातडी सोलवटते, कुत्रं ते चाटतं आणि गोचीड तशीच राहते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी कान, मान, बोटांमधल्या बेचक्या चाचपायच्या आणि गोचीड चिमट्यानं मुळाशी धरून ओढायची. फुकटातला सगळ्यांत फायद्याचा उद्योग तो हाच. कारण गोचीडताप आला की रक्ततपासण्या, पुन्हा रक्ततपासण्या आणि महिनाभर गोळ्या, असा त्याचा हप्ता बसतो. लंगडतंय म्हणून घरातली अंगदुखीची गोळी तर बिलकूल देऊ नका. आयब्युप्रोफेन आपल्या गुडघ्याला चालतं, कुत्र्याच्या पोटात जखमा करतं.

कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. खर्च एकदाच होतो. नाही केलं तर त्रेसष्ट दिवसांनी वहीला पुरवणी जोडावी लागते.

पाठ सहावा : घरमालक

धर्मराज कुत्र्याला घेऊन स्वर्गाच्या दारात पोहोचला तेव्हा इंद्रानं काय सांगितलं, आठवा. कुत्र्याला प्रवेश नाही. म्हणजे प्रश्न जुना आहे. प्राणी कल्याण मंडळानं २०१५ साली परिपत्रक काढून सोसायट्यांना बजावलंय की कुत्रा पाळायला बंदी घालता येणार नाही. त्याची प्रत सेक्रेटरीला द्यायला बरी पडते. पण घरमालकाशी धर्मराजासारखं अडून बसू नका. धर्मराजाचा करार अकरा महिन्यांचा नव्हता. आमच्या मालकांनी शिल्लक आल्यावर भाडं पाचशेनं वाढवलं, “रंगाचे” म्हणून. रंग अजून लागायचाय.

गावाला जायचं तर रेल्वेत कुत्रं फर्स्ट एसीत न्यायला परवानगी आहे, पण अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. आम्ही स्वतः फर्स्ट एसीचा डबा फक्त बाहेरून बघितलाय. तेव्हा आमच्यापैकी एक जण गावाला जातो आणि दोघं राहतात. यात भाडं वाचतं. सासुरवाडीची फेरी वाचते, ती कोणत्या बाजूला लिहायची हे ज्यानं त्यानं ठरवावं.

पाठ सातवा : खाती

आता मुख्य विद्या. वहीत “कुत्रा” नावाचं खातं कधीही उघडू नका. तो आकडा एका जागी दिसला की कुटुंब हादरतं. खर्च पांगवावा. मी चिकनच्या माना “इस्त्री”त टाकतो, गोचिडीचं औषध “सायकल दुरुस्ती”त, आणि बाकी सगळं “किरकोळ”मध्ये. किरकोळ हे फार मोठ्या मनाचं खातं आहे.

पाच वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका मार्चअखेरीला बायकोनं वही हातात घेतली. “महिन्याला सहाशे रुपये इस्त्री?” ती म्हणाली. “तुमच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट मी गणपतीत बघितला होता.”

मी कबूल झालो. ती काही वेळ गप्प बसली, आणि मग तिनं सांगितलं की शिकवणीच्या पैशांतून तीही दर महिन्याला शिल्लकला अंडी आणते आणि मला “भाजी” म्हणून सांगते. मी बावीस वर्षांचा हिशेबनीस, आणि भाजी चाळीस टक्क्यांनी चढलेली मला कळली नव्हती! आम्ही दोघांनी बेरीज करायला घेतली, तेव्हा आतून आई म्हणाली, “माझं देवधर्माचं धरू नका हं त्यात.” देवधर्मात काय आहे, ते आम्ही विचारलं नाही. बेरीज तशीच सोडली. शिल्लकचा महिन्याचा नेमका खर्च किती, ते या घरात आजही कुणाला माहीत नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला परवडतो.

हे लिहीत असताना जिन्याखाली पुन्हा एक पिल्लू येऊन बसलंय. काळं, एका कानाचं टोक तुटलेलं. तीन रात्री झाल्या. पहिला पाठ सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे कुणीही त्याला नाव ठेवलेलं नाही, आम्ही त्याला नुसतं “ते” म्हणतो. ब्लीचची बाटली मी आणली आहे, ती फक्त जिना धुवायला. “इस्त्री”त टाकली.

आत्ता खालून आईचा आवाज आला.

“उधारे, ये गं. भात निवलाय.”