रजेवरचा धबधबा

योसेमिटीचा प्रपात ७३९ मीटर उंच असून उत्तर अमेरिकेतील अत्युच्च धबधब्यांत त्याची गणना होते, ही माहिती माझ्या भाच्याने सॅन होजे सोडल्यापासून इतक्या वेळा आणि अशा दिमाखाने सांगितली की, तो जणू त्याच्याच सातबाऱ्यावर नोंदलेला असावा. ऑगस्ट अखेरच्या त्या प्रखर दुपारी माना दुखेपर्यंत वर पाहिल्यावर दृष्टीस पडला, तो ग्रॅनाइटच्या अजस्र कड्यावरचा एक लांबलचक काळसर डाग. या प्रपाताचा सारा योगक्षेम वरच्या पठारावरील वितळत्या हिमावर चालतो. मे महिन्यात तो गर्जत असतो आणि हिमाची शिल्लक सरली की, पूर्वसूचना न देता रजेवर जातो. १८६४ साली अब्राहम लिंकन यांनी सही करून हे खोरे लोकांच्या उपभोगार्थ कॅलिफोर्नियाच्या हवाली केले खरे; पाण्याला बारमाही हजेरी लावण्याची तजवीज मात्र कोणालाच साधलेली नाही. शेजारच्या 'मिरर लेक'मध्ये मुखावलोकन करण्याचा आमच्या सौभाग्यवतींचा मनसुबा होता. त्या आरशाचीही बव्हंशी वाळू झालेली होती.

तेथे खरा अंमल अस्वलांचा. तंबूंच्या तळावर प्रत्येकाच्या वाट्याला एक जाड पोलादी पेटी येते. तिची खिट्टी एका खोबणीत दडवलेली असून आत बोटे घालून ती दाबावी लागते, कारण अस्वलाचा पंजा तेवढ्या जागेत शिरत नाही. खाद्यपदार्थच नव्हे, तर साबण, दंतमंजन, जे जे म्हणून गंधयुक्त, ते ते सर्व तिच्यात जमा करावे, असा सक्त हुकूम आहे.

"मामी, लोणचं गाडीत नका ठेवू."

"अरे, झाकण घट्ट लावलंय."

"अस्वलाला वास पुरतो. गाडीचं दार उपटून काढतं ते."

"आणि खोबरेल तेल?"

"तेही पेटीत."

"मग तुझ्या मामांचं काय करायचं? सकाळीच डोक्याला चोपडलंय त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सुमारे अडीच हजार मीटर उंचीवरील टेनाया सरोवर पाहिले आणि खोऱ्यातली सारी निराशा विसरलो. प्राचीन हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेले खडक उन्हात चकाकत होते. तळाचा एकेक गोटा काठावरून मोजता यावा इतके पाणी निर्मळ होते. निसर्गाच्या विराट औदासीन्याविषयी एक प्रदीर्घ, गंभीर वाक्य मी मनात जुळवीत असताना भाच्याने पाय बुडवण्याचा आग्रह केला, आणि त्या बर्फासारख्या पाण्याचा घोट्याला स्पर्श होताच वाक्य क्रियापदाविनाच गतप्राण होऊन मुखातून जो उद्गार बाहेर पडला, तो कोणताही संपादक छापणार नाही. मंडळींनी तिकडे लक्ष दिले नाही. पोळ्यांचा डबा उघडला होता आणि लोणच्याचा शोध चालू होता. ते, सरकारी नियमांचे यथासांग पालन होऊन, तासाभराहून अधिक वाटेवर मागे, पोलादी पेटीत सुखरूप होते.