घरजावई

कृत्रिम बुद्धिमत्तेवर सोनगीरच्या माणसानं बोलावं का, असा प्रश्न पुण्याच्या पाहुण्यांना पडतो. त्यांना मी अमळनेरचं नाव सांगतो. 1945 च्या डिसेंबरात तिथे ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि पुढे तिचीच विप्रो झाली. म्हणजे संगणकाच्या धंद्यातलं एक बडं घराणं आमच्या खानदेशातल्या तुपाच्या डब्यातून निघालेलं आहे. सोनगीरहून अमळनेर काही लांब नाही. तेवढ्या शेजारधर्मावर मला बोलायचा हक्क पोचतो, असं मी धरून चालतो.

याच विप्रोनं 2023 च्या जुलैत जाहीर केलं, की तीन वर्षांत एआयवर एक अब्ज डॉलर घालू आणि अडीच लाख कर्मचाऱ्यांना वर्षभरात एआयची तोंडओळख करून देऊ. अब्ज डॉलर कुठे जातील ते मला कळलं. अडीच लाख माणसांना ओळख कशी करून देणार, ते कळेना. आमच्याकडे लग्नात नव्या जावयाची चुलत घराण्याशी ओळख करून देता देता हळद उतरते.

ही ओळख प्रत्यक्षात कशी होते, ते मला घरच्या पंगतीतच कळलं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. पुण्या-नाशकाला, सुरतेला गेलेली पोरं त्या दोन दिवसांसाठी घरी येतात. तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, त्यामुळे वर्षभर एकमेकांची तोंडं न पाहिलेलेही एका पंगतीला बसतात. यंदा माझा पुतण्या आणि सूनबाई आले. दोघंही हिंजवडीत एकाच कंपनीत आहेत. तो चौथ्या मजल्यावर आयटीत, ती दुसऱ्या मजल्यावर एचआरमध्ये. मधल्या मजल्यावर कँटीन आहे. दोन्ही खात्यांची गाठ पडलीच तर तिथे पडते, आणि तिथे म्हणे सगळे मोबाइलमध्ये बघत जेवतात.

त्यांच्याकडे एआय आणलं चौथ्या मजल्यानं. दुसऱ्या मजल्याला ते ईमेलनं कळलं: उद्यापासून रजेचे अर्ज नवा सहायक बघेल. आता घरजावई आणायचा, तर सासऱ्यानं एकट्यानं ठरवून भागत नाही. तो झोपणार कुठे, जेवणार कुणाच्या पंगतीला, थोरल्या मेव्हण्याच्या खुर्चीत बसला तर काय करायचं, हे सासूला विचारावं लागतं. इथे सासरेबुवा जावयाला घेऊन थेट उंबऱ्यात उभे, आणि सासूच्या हातात अजून लाटणं.

जावई हुशार, यात वाद नाही. रजा मंजूर व्हायला दोन-दोन दिवस लागायचे, ते काम काही सेकंदांवर आलं. हे सांगताना पुतण्याचा चेहरा असा खुलला होता, की मला त्याचं बारसं आठवलं. मग सूनबाईनं पुढची गोष्ट सांगितली. एका मुलानं वडिलांच्या तेराव्यासाठी रजा मागितली. सहायकानं ती तत्काळ मंजूर केली आणि खाली लिहिलं, ‘सुट्टीचा मनसोक्त आनंद घ्या!’

“पण नाना, रजा तर मिळाली ना? सिस्टीम बरोबरच चालली,” पुतण्या म्हणाला.

“फोन मला करावा लागला,” सूनबाई म्हणाली. “अर्धा तास. तो काहीच बोलला नाही. मीच बोलत होते.”

“उत्तरांचे नमुने एचआरनं तपासायला हवे होते.”

“दाखवले होतेत कधी?”

माझं मत विचाराल तर दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतं.

ही घरगुती अडचण मोठमोठ्यांकडेही आहे. करोनाची लस काढणाऱ्या मॉडर्ना या अमेरिकी कंपनीनं तर ही दोन्ही खाती एकत्र करून टाकली आणि ट्रेसी फ्रँकलिन या मूळच्या एचआरच्या बाईंच्या हाती दिली. कोणतं काम माणसाचं आणि कोणतं यंत्राचं, हे एकाच टेबलावर ठरावं, असा त्यांचा हिशेब. 2025 च्या मे महिन्यात ही बातमी गाजली. मी ती पुतण्याला दाखवली. “साहेब एचआरचा?” एवढंच त्यानं विचारलं आणि मोबाइल परत दिला. त्याच महिन्यात आयबीएमचे अरविंद कृष्ण यांनी सांगितलं, की त्यांच्या एचआरमधल्या काहीशे माणसांचं काम आता एआय करतं. ही बातमी मी सूनबाईला दाखवली नाही.

अॅमेझॉनचा किस्सा दोघांनाही पाठ होता. नोकरीचे अर्ज निवडायला त्यांनी यंत्र तयार केलं आणि त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज दाखवून शिकवलं. जुने अर्ज बहुतेक पुरुषांचे. यंत्रानं त्यावरून धडा घेतला, की पुरुषच बरे. महिलांच्या बुद्धिबळ संघाची कर्णधार असं कुणी अर्जात लिहिलं, की त्या अर्जाची किंमत घसरायची. शेवटी प्रकरण गुंडाळलं, आणि 2018 मध्ये रॉयटर्सनं ते बाहेर काढलं. “आम्ही इतकी वर्षं कुणाला घेत आलो, हे आम्हाला विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं,” सूनबाई म्हणाली. पुतण्या या वेळी गप्प बसला. भाकरी मोडायचं निमित्त होतंच.

मी बँकेत होतो तेव्हा हाच जावई संगणकाच्या रूपात आला होता. फरक एवढाच, की त्याच्या आधी बैठका झाल्या. आणि किती! 8 सप्टेंबर 1983 ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. यंत्र कोणत्या कामाला वापरायचं, ते चालवणाऱ्याला भत्ता काय, त्याच्यामुळे कुणालाही घरी बसवायचं नाही, अशी सगळी बोलणी कागदावर आली. पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. आजची मुलं म्हणतात, त्या करारापायी बँका मागे राहिल्या. राहिल्या असतील. यंत्र आमच्या शाखेपर्यंत पोचलं तेव्हा त्याच्यावरचं प्लॅस्टिक काढावं की राहू द्यावं, यावरही चर्चा झाली होती. पण मॅनेजरपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला एक गोष्ट माहीत होती: आपलं काय होणार. जून-डिसेंबरात खात्यांची जुळवणी करताना पंधरा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री जागवायचो. यंत्रानं तो फरक खाल्ला, आणि त्याच्याबरोबर रात्री बाराची शेवभाजीही. तिची हळहळ मला अजून आहे.

आमचे हेड क्लार्क कितीतरी दिवस यंत्राची प्रत्येक बेरीज स्वतः हातानं करून बघायचे. कुणी त्यांना हटकलं नाही, कुणी हसलं नाही (निदान तोंडावर). एके दिवशी त्यांनी आपणहून पेन खिशाला लावलं. त्या शाखेत संगणक खऱ्या अर्थानं आला तो त्या दिवशी. यंत्र बसवल्याची तारीख रजिस्टरात आहे, ही नाही.

बैठक न घेता आणलेल्या जावयाचं काय होतं, ते रोजगार हमीच्या कामावर बघावं. ही कल्पना मूळची महाराष्ट्राची, आपला कायदा 1977 चा. पुढे देशभराची योजना झाली, आणि 2023 च्या जानेवारीपासून सगळ्या सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलवर लावणं सक्तीचं झालं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा आणि वर पाठवायचा. ते काही एआय नव्हतं, पण स्वभाव तोच: फोटोत माणूस दिसला की यंत्र म्हणायचं, माणूस आला. 2025 च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच परिपत्रक काढून गैरप्रकारांची यादी दिली. कुठे कामाशी संबंध नसलेला फोटो, कुठे फोटोचाच फोटो, कुठे एकच माणसं अनेक हजेरीपटांवर. उपाय काय, तर ग्रामपंचायतीत माणसानं एकूण एक फोटो तपासावा. पूर्वी मुकादम मजूर मोजायचा. आता कुणीतरी मजुरांचे फोटो मोजणार. आणि रेंज नसलेल्या माळावर खरोखर घाम गाळलेल्या बाईचा फोटो वर गेलाच नाही, तर तिनं कुणाचं दार ठोठावायचं, हे कॅमेरा बनवणाऱ्याला कुणी विचारलं होतं का, कोण जाणे.

हे सगळं बोलणं शेजारचे तात्या ओट्यावर बसून ऐकत होते. तात्या तांबट. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी नावाजलेली, पण स्टील आल्यापासून आळीतला ठोक्यांचा आवाज विरळ झालाय. लग्नाच्या आहेरातल्या भांड्यावर नाव घालायचं, तर तात्या पूर्वी छिन्नी-हातोडीनं एकेक टिंब मारत बसायचे. मग विजेवर चालणारं पेन आलं. तात्यांनी ते स्वतःच आणलं, स्वतःच शिकले आणि पहिल्या आठवड्यात मामाच्या जागी काकाचं नाव पडलं तेव्हा बोलणीही स्वतःच खाल्ली. त्यांच्या दुकानात दोन्ही मजले एकाच गोणपाटावर बसलेले असतात. हंडा गळायला लागला, की बाई तो काखेत मारून थेट दुकानात येते. ऐकून घेणारा आणि दुरुस्त करणारा, दोघं एकच.

तात्यांनी तंबाखू झटकली आणि पुतण्याला विचारलं, “मंग तो चुकना तं बोंबलानं कोनाजोडे?”

पुतण्यानं सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं पुतण्याकडे. मग कळलं, की पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे आणखी एक सहायक येतोय, कर्मचाऱ्यांच्या कामाला गुण द्यायला. म्हणजे पगारवाढीत हात घालणारा. सूनबाईनं मोबाइल काढला आणि दोघं तिथेच सूचना लिहायला बसले. गुण कशावरून दिले ते माणसाला कळलं पाहिजे, हे तिनं घातलं. यंत्रानं दिलेले गुण आधी माणूस बघेल आणि मगच ते पुढे जातील, हे त्यानं घातलं, आणि तो माणूस कोणता, हे तिनं घालायला लावलं. इथपर्यंत छान चाललं होतं. शेवटची ओळ आली, ‘तक्रारीसाठी संपर्क’, आणि गाडी अडली. चौथ्या मजल्याचा नंबर द्यायचा की दुसऱ्या?

सोमवारी कानबाईच्या मिरवणुकीत डफाच्या आवाजावर आवाज चढवून दोघं तेच बोलत होते. दुपारी पुण्याला निघाले. मालेगाव ओलांडल्यावर सूनबाईचा फोन आला, की दोन्ही नंबर टाकायचं ठरलंय, पण वर कुणाचा टाकायचा यावर घोडं अडलंय. तात्या समोरच होते. मी त्यांना विचारलं.

“जो फोन उचलस, त्याना टाक म्हना,” तात्या म्हणाले.