हिरवा, पण कोणता?

घराला रंग काढायचं ठरलं की वहिनी दुकानातून शेडकार्ड आणतात आणि नवऱ्यापुढे धरतात. "अहो, हॉलला कोणता देऊ या?" मान वर न करता उत्तर येतं, "कोणताही दे. सगळे सारखेच." हे बोलणाऱ्या माणसाच्या टेबलावर त्या वेळी हिरव्या रंगाच्या अकरा डब्या उघड्या असतात आणि त्यातला एकही हिरवा 'बरोबर' नाही म्हणून त्याला दोन दिवस जेवण गोड लागलेलं नसतं.

हा रंगशोधक. प्लास्टिकच्या किटमधून लढाऊ विमानांच्या प्रतिकृती करणाऱ्यांची जात तशी निरुपद्रवी. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांची वाट बघायची. रंगशोधक याच जातीतला, पण पोटजात वेगळी. त्याला विमान करायचं नसतं, ते कोणत्या रंगाचं होतं हे ठरवायचं असतं. त्यामुळे माळ्यावर न उघडलेल्या खोक्यांची थप्पी वाढत जाते आणि "अभ्यास पूर्ण झाला की घेतो करायला" हे वाक्य घरात म्हणीसारखं रूढ होतं.

सध्या त्याने हातात घेतलंय ते 1971 च्या लढाईतलं मिग-21 एफएल, 1:72 प्रमाणातलं. म्हणजे जेमतेम वीतभर विमान. या जातीची मिग आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बनत होती, हे तो नाशिकच्या जावयाच्या अभिमानाने सांगतो. मूळची ही विमानं उघड्या धातूची, चकचकीत. 1971 साली ती चमक झाकायला त्यांच्यावर घाईघाईने हिरवा चढवला गेला आणि तोही स्क्वाड्रनगणिक निराळ्या तऱ्हेने. इतिहासकार हे वाक्य लिहून पुढे जातो. रंगशोधकाचा संसार याच वाक्यात अडकतो. हिरवा, पण कोणता? कडा पुसट होत्या की रेखीव? पोट धातूचंच ठेवलं की तेही रंगवलं?

पुरावा म्हणजे फोटो आणि फोटो बहुतेक कृष्णधवल. भिंग लावून तो करड्या ठिपक्यांत हिरवा शोधतो. त्यातही मेख आहे, आणि मिगच्या आधीच्या विमानांच्या फोटोंत तर मोठीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरात असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. तांबडं काळं उमटायचं, पिवळं गडद आणि निळं चक्क फिकट. त्यामुळे विमानावरच्या गोल चिन्हाभोवतीचं पिवळं कडं फोटोत गायब झालं की 'पुसलं होतं' आणि 'फिल्मने खाल्लं' असे दोन पक्ष पडतात. चिन्हातल्या तांबड्याचीही अशीच कथा. इंफाळच्या लढाईत 1944 साली आपल्या हवाई दलाच्या अर्जन सिंग यांच्या स्क्वाड्रनची हरिकेन विमानं होती. जपान्यांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून त्या आघाडीवरच्या विमानांच्या चिन्हांतला तांबडा ठिपका काढून टाकला होता. एवढं कळल्यावर तुम्हीआम्ही समाधानाने मान डोलावतो. हा विचारतो, "काढला म्हणजे खरवडला, की वरून दुसरा रंग मारला? मारला असेल तर खालचा तांबडा डोकावत असणार!" आणि तो डोकावणारा तांबडा दाखवायला शेवटच्या तीन केसांचा ब्रश घेऊन बसतो.

रंगीत फोटो मिळाला म्हणजे सुटला असं नाही. फोटो सकाळचा की दुपारचा, फिल्म कोणत्या कंपनीची, छापील प्रत किती वर्षं उन्हात होती, हे सगळं वजा करायचं असतं. मग मिश्रणं. टूथपिकने थेंब मोजून पुठ्ठ्याच्या चिटोऱ्यांवर नमुने ओढले जातात, प्रत्येकामागे पेन्सिलीने क्रमांक पडतो, आणि वाळलेला रंग ओल्यापेक्षा वेगळा दिसतो म्हणून निकाल सकाळवर जातो. सकाळी तो चिटोरा घेऊन उत्तरेच्या खिडकीशी उभा राहतो. ट्यूबलाइटखाली रंग बघणं म्हणजे महापाप. त्यात भर म्हणजे 'स्केल इफेक्ट'. दूरची वस्तू हवेतून फिकट दिसते, म्हणून छोट्या विमानावर खरा रंग जसाच्या तसा मारला तर तो जास्त गडद वाटतो, त्यात थोडं पांढरं घालावं, असं एक पंथ म्हणतो. दुसरा पंथ याला भेसळ म्हणतो. असा वर्षभर शोधून मिळालेला बरोबर रंग हा स्वतःच चुकवतो, तोही शास्त्राधारे.

तो रंगांना नावाने ओळखत नाही, आकड्यांनी ओळखतो. अमेरिकी फेडरल स्टँडर्डमध्ये रंगाला पाच आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा 1 असेल तर चकचकीत, 3 असेल तर मॅट. पावसाळी आभाळ बघून माणसांना भजी आठवतात, याला 36375. जर्मन विमानांच्या वाटेला तर शहाण्याने जाऊच नये. त्यांच्या युद्धाअखेरच्या 81 आणि 82 क्रमांकांवरून आजही पुस्तकं निघतात आणि मैत्र्या तुटतात. ब्रिटिशांकडे 1940 च्या उन्हाळ्यात विमानांच्या पोटाचा रंग बदलण्याचा हुकूम सुटला, पण रंग पुरेसा पोचला नाही आणि तळांवर हाताला लागेल त्यात कालवाकालव झाली. हे सांगताना रंगशोधकाचा चेहरा उजळतो. गोंधळाचा दाखला मिळाला की पुढची दहा वर्षं निघतात.

आपल्या हवाई दलाच्या चिन्हातला केशरी हा वेगळा अध्याय. तिरंग्याच्या रंगांसाठी भारतीय मानक आहे, आणि तेही थेट 1 क्रमांकाचं. पण राजस्थानच्या उन्हात उभ्या विमानाला मानक काय करणार? त्यातून किटमधल्या पाण्यात भिजवून चिकटवायच्या डेकलवर हा केशरी कधी संत्र्याचा निघतो, कधी विटेचा.

एकदा त्याला खरं विमान दाखवायला नेलं. निवृत्त लढाऊ विमानं आपल्याकडे बागेत, चौकात चबुतऱ्यावर चढवतात, त्यातलंच एक. पोरंटोरं पंखाखाली सेल्फी काढत होती. याने दोन फेऱ्या मारल्या आणि नाक मुरडलं. "चूक आहे."

"अहो, हे खरं विमान आहे!"

"विमान खरं आहे. रंग खोटा आहे. ऑइलपेंट मारलाय. आकड्यांचं वळणही हवाई दलाचं नाही." खऱ्या विमानाने आपल्या प्रतिकृतीची बरोबरी करावी, अशी त्याची साधी अपेक्षा असते.

मग एका लग्नात त्याला घबाड सापडलं. पंगतीत शेजारी बसलेले साताऱ्याकडचे एक निवृत्त वायुसैनिक. 1971 साली विमानतळावर ग्राउंड क्रूमध्ये होते आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी मिगला रंग मारला होता. रंगशोधकाच्या हातातला जिलबीचा तुकडा तिथेच थांबला.

"काका, हिरवा कोणता होता?"

"कोणता म्हणजे? हिरवा. साहेब म्हणाले झाका, आम्ही झाकलं. स्टोअरमध्ये जो होता तो मारला. संपला तेव्हा दुसरा आणला."

"तोच?"

"हिरवाच की!"

"नक्षीचा काही आराखडा?"

"रात्री मारला हो. ब्लॅकआउट होता. कसला आराखडा घेऊन बसलात? मठ्ठा घ्या."

दुसऱ्या कुणाचा यावर अभ्यास संपला असता. याने घरी येऊन वहीत नोंद केली : 'प्रत्यक्षदर्शी. स्मरणशक्ती अविश्वसनीय.' आणि खाली, 'दोन हिरवे असण्याची शक्यता.' बाराव्या डबीची ऑर्डर त्याच रात्री गेली. ज्यांनी रंग मारला त्यांना तो महत्त्वाचा नव्हता, त्यांना विमान परत यायला हवं होतं. हे त्याला कळत नाही असं नाही. पण ते मान्य केलं तर किट उघडून विमान चिकटवावं लागेल.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडमध्ये मिग-21 निवृत्त झालं. सहा दशकांची सेवा, सलामी, भाषणं, टीव्हीसमोर भलेभले हळवे झाले. रंगशोधक मात्र प्रसन्न होता. "सुटलो! आता तरी रंग बदलणार नाहीत." वहिनींनी चहाचा कप ठेवता ठेवता सहज म्हटलं, "आता ही सगळी विमानं चौकाचौकात ठेवतील ना? आणि दर 26 जानेवारीच्या आधी रंगवतील."

त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माळ्यावरचं खोकं काढलं आणि किट करायला घेतलं. उरलेल्या आयुष्यात जगात एक तरी मिग बरोबर रंगाचं असावं म्हणून. कोणत्या बरोबर रंगाचं, ते अजून ठरायचंय.