हरवला आहे: विनोदातला सरदारजी

नगरच्या सावेडीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला दोन गोष्टी न चुकता येतात. एक, गुलाबाच्या फोटोवर छापलेला सुविचार. दोन, सरदारजीचा विनोद. नळाला पाणी येईल की नाही याची खात्री नसते, या दोन गोष्टींची असते. दोन्ही पाठवणारे काका एकच. सुविचारात ते भूतमात्रांवर प्रेम करायला सांगतात आणि तीन मिनिटांनी एका सरदारजीला बल्ब बदलायला स्टुलावर चढवतात.

परवा काकांनी असाच एक पिकलेला विनोद पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सत्य घटना’. आम्ही सदर लिहिणारे, म्हणजे तसे बिनकामाचेच. घटना सत्य असेल तर तो सरदारजीही कुठेतरी असणार, असं म्हणून आम्ही चपला घातल्या आणि शोधाला निघालो. वर्णन असं: उंचापुरा, दाढीधारी, डोक्याला पगडी, पगडीखाली काही नाही. दुपारी बाराला डोकं फिरतं. सोबत बंता नावाचा मित्र असण्याची शक्यता. आणून देणाऱ्यास योग्य इनाम.

पहिली चौकशी स्वतःच्याच आठवणींत केली. फार वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी स्कूटर एका सरदारजीला विकायला नेली होती. गिऱ्हाईक सरदारजी आहे म्हटल्यावर आम्ही रात्रीच नफा मोजून ठेवला होता. त्याने गाडीला किकसुद्धा मारली नाही. सायलेन्सरमध्ये बोट घातलं, ते तेलकट काळं बोट आमच्या नाकापुढे धरलं आणि किंमत निम्म्यावर आणली. वर चहा पाजला. चहाचे पैसे त्याने दिले, तेवढ्या आधारावर आम्ही आजही त्याला भोळा म्हणू शकतो.

मग ढाबे आठवून पाहिले, ट्रान्सपोर्टवाले आठवले, स्पेअर पार्टची दुकानं आठवली. ज्याला अक्कल नाही असा एकही सरदारजी आम्हाला उभ्या आयुष्यात भेटलेला नाही. भेटला असता तर आमचा कधीतरी फायदा झाला असता.

नगर हे लष्कराचं गाव. रणगाड्याच्या दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, यांत्रिक पायदळाचंही इथेच आहे. कॅन्टोन्मेंटकडच्या रस्त्यावर पगडीवर लष्करी बिल्ला लावलेले जवान आपण लहानपणापासून पाहत आलो. विनोदातला सरदारजी बल्ब लावू शकत नाही आणि हा सरदारजी चाळीस टनांचा रणगाडा चढावर फिरवतो. विनोदातल्या सरदारजीला दहापर्यंत मोजता येत नाही आणि २००४ ते २०१४ अशी दहा वर्षं देशाचा पंतप्रधान होता तो अर्थशास्त्राचा प्राध्यापक, रिझर्व्ह बँकेचा माजी गव्हर्नर, निळ्या पगडीचा. मोजणीत गफलत नक्की कोणाची होते आहे, हे तपासायला हवं.

आता ते बाराचं प्रकरण. मराठीत ‘बारा वाजले’ म्हणजे सत्यानाश झाला. तो धंद्याचा होतो, रस्त्याचा होतो, मुलाच्या दहावीचा होतो, त्यात जातपात नाही. पण सरदारजी दिसला की आमच्या चौकात भलत्या वेळी बारा वाजतात आणि टवाळ पोरं मनगटाकडे पाहून खिदळतात. त्यामागची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. नादिरशहा १७३९ मध्ये दिल्ली लुटून परतत असताना शीख टोळ्या मध्यरात्री त्याच्या तळावर छापे घालून कैद केलेल्या बायकांना सोडवून आणत, अशी ती कथा. इतिहासाच्या तराजूवर तिचं वजन किती भरेल ते तज्ज्ञ पाहतील. पण ज्या समाजाबद्दल रात्री बाराची अशी कथा सांगितली जाते, त्याच्या वाट्याला आपण दुपारचे बारा दिले, एवढं खरं.

शोधात आम्ही आकाशवाणीपर्यंत जाऊन आलो. लांब जावं लागलं नाही, नगरचं केंद्र आमच्या सावेडीतच आहे. आकाशवाणीची एक जुनी आचारसंहिता आहे. कोणत्याही धर्मावर वा समाजावर हल्ला करायचा नाही, असं तीत बजावलेलं आहे. म्हणून रेडिओवर शेतकऱ्याला पावसाचा अंदाज मिळतो, पण सरदारजी मिळत नाही. टीव्हीच्या केबललाही नियम आहेत. १९९५ चा कायदा आणि त्याची कार्यक्रम संहिता असं सांगते की एखाद्या वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक समूहाचं चित्रण बदनामीकारक, उपरोधिक आणि तुच्छतेच्या नजरेने करू नये. ‘उपरोधिक’ वाचून आमच्या पोटात गोळा आला. वर्तमानपत्राला केबलचा कायदा लागू नाही, म्हणून हे सदर आज तुमच्यापर्यंत पोचलं.

नियम आहेत म्हटल्यावर टीव्हीवर सगळं आलबेल असणार, असं समजून आम्ही रिमोट घेतला. २००८ पासून सुरू असलेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ लागली होती. तिच्यातला सोढी हा गॅरेजवाला सरदारजी. कामं दोन: पार्टीचं नाव निघालं की नाचणं आणि राग आला की बाह्या सरसावणं. घरातले सगळे खदाखदा हसत होते. तेवढ्यात पडद्यावर आत्माराम तुकाराम भिडे आले. शिकवण्या घेणारे, पै-पैचा हिशेब ठेवणारे, जुन्या स्कूटरवर जीव टाकणारे, बायकोच्या लोणच्या-पापडाच्या धंद्यावर डोळा ठेवणारे, आणि मराठी. आमचे शेजारी एकदम गंभीर झाले. “मराठी माणूस असा चिक्कू दाखवतात, कुणीतरी निषेध करायला पाहिजे.” हिंदी सिनेमाने आपल्याला हवालदार आणि कामवाली बाई यांच्यापलीकडे फारसं काही होऊ दिलं नाही, याचं त्यांना चाळीस वर्षांचं दुःख आहे. ते खरंही आहे. पण सोढीला हसताना त्यांचा हात पोटावर होता आणि भिडेंच्या वेळी तोच छातीवर गेला. हात एकाच माणसाचा. हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

परदेशातही चौकशी केली. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत जे लेनो या प्रसिद्ध सूत्रधाराने आपल्या रात्रीच्या कार्यक्रमात एका श्रीमंत उमेदवाराचं उन्हाळी घर म्हणून चक्क सुवर्णमंदिराचा फोटो दाखवला. आपल्या सरकारने निषेध केला, तिकडे कोर्टात दावाही गेला. आमच्या ग्रुपवरही तेव्हा संताप उसळला असता, पण त्या वर्षी ग्रुप नव्हता. असता तर संतापाच्या खालोखाल बल्बचा विनोद आलाच असता.

आणखी एक शोध लागला. बल्बचा तो विनोद पंजाबचा नाहीच. इंग्लंडात तोच आयरिश माणसाच्या नावावर आहे, अमेरिकेत पोलिश माणसाच्या, फ्रान्समध्ये बेल्जियन माणसाच्या, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज माणसाच्या. माल एकच, लेबल तेवढं गावाप्रमाणे बदलायचं. सही करून नावाची जागा कोरी ठेवलेलं हे मुखत्यारपत्र आहे. ज्याला गावाने मूर्ख ठरवायचं, त्याचं नाव भरा.

विषय एवढा थोर असल्यावर तो दिल्लीपर्यंत जाणारच. २०१५ मध्ये हरविंदर चौधरी या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. असले विनोद पसरवणारी पाच हजारांच्या आसपास संकेतस्थळं बंद करा, अशी त्यांची मागणी होती. आमच्या ओळखीचे शीख हे विनोद खिलाडूपणे घेतात, अशा अर्थाचं न्यायमूर्ती आधी बोलले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नागरिकांनी नीतीने कसं वागावं याची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही घालून देऊ शकत नाही, आणि दिली तरी रस्त्यावर ती पाळून घेणार कोण? नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालय म्हणालं, विषय महत्त्वाचा आहे. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ वर्षं हा विनोद ऐकला आणि एकदाही कुणी हसल्याची नोंद नाही.

कायद्याने विनोद बंद व्हावेत असं आम्हालाही वाटत नाही. आज सरदारजीचा गेला तर उद्या नगरसेवकाचा जाईल, आणि मग आम्ही लिहायचं काय? पण त्या याचिकेतली एक गोष्ट आमच्या घशात अडकून राहिली. बाईंनी सांगितलं होतं की या चेष्टेमुळे त्यांच्या मुलांना आपल्या नावापुढे ‘सिंग’ आणि ‘कौर’ लावणं नको झालं आहे. स्वतःचं नाव लपवावंसं वाटणाऱ्या मुलाला खिलाडूपणा शिकवायला जाणारा माणूस पाहायचा असेल तर सकाळी साडेसहाला आमचा ग्रुप उघडा.

त्याच २०१५ च्या एप्रिलात मराठी साहित्यिक रेल्वे भरभरून पंजाबात गेले होते. अठ्ठ्याऐंशीवं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झालं, अध्यक्ष होते डॉ. सदानंद मोरे. घुमान का? तर आपले नामदेव महाराज तिकडे जाऊन राहिले म्हणून. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. आमच्या नरसी-पंढरपूरच्या शिंप्याला त्या लोकांनी आपल्या धर्मग्रंथात बसवलं आणि आम्ही परतफेड म्हणून त्यांना स्टुलावर चढवून हातात बल्ब दिला. व्यवहार चोख आहे.

विनोदाचं पान उलटलं की गुन्हेगारीचं पान येतं. तिथे आपली पत्रकारिता अधिक अचूक असते. चोरी इतर कुणी केली तर ‘अट्टल चोरटे जेरबंद’, शिकलकऱ्याने केली तर ‘शिकलकरी टोळी जेरबंद’. शिकलकरी म्हणजे शस्त्रांना पाणी आणि धार देणारे लोक. शीख गुरूंच्या फौजेची हत्यारं घडवल्याचा वारसा ते सांगतात. फौज गेली, हत्यारं गेली, भाता तेवढा उरला, आणि जमातीचं नाव मथळ्यात अडकून पडलं. इतरांच्या बाबतीत चोरासोबत त्याचं गाव छापतात, इथे सगळ्या जमातीला बेड्या घालतात. ही बातमी वाचताना कुणी हसत नाही, म्हणून ती विनोदात मोजत नाहीत.

शोध घेता घेता आम्ही पार तीनशे वर्षं मागे गेलो, आणि गेलो कुठे, तर आपल्याच नगरात. १७०५ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबाला फारसीत एक काव्यमय पत्र लिहिलं, जफरनामा. कुराणावर हात ठेवून घेतलेल्या शपथा बादशहाच्या माणसांनी मोडल्या, त्याचा जाब त्यात विचारला होता. शीख परंपरा सांगते की भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग ते पत्र घेऊन दख्खनेत आले आणि ते बादशहाला पोचलं ते नगरला. १७०७ मध्ये बादशहा इथेच, भिंगारजवळच्या छावणीत वारला. पुढच्याच वर्षी गुरूंनी नांदेडला देह ठेवला. ज्या शहरात दोन सरदार सम्राटाला तोंडावर खोटारडा म्हणणारं पत्र घेऊन आले, त्या शहरात आम्ही सरदाराची टिंगल पाठीमागे, मोबाइलवर करतो.

आणि हसायचंच असेल तर ते कसं, हेही एका सरदारजीनेच दूरदर्शनवर दाखवून दिलं होतं. १९८९ चा ‘फ्लॉप शो’ आठवा. जसपाल भट्टी हा स्वतः इंजिनिअर, आणि त्याचा विनोद सरकारी बंगल्यावर, वैद्यकीय बिलांवर, कंत्राटदारावर, टेलिफोन खात्यावर. भट्टी कायम वरच्या पायरीवर बसलेल्याकडे बोट दाखवायचा. आमचे काका खालच्या पायरीवर कोण आहे ते आधी वाकून बघतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. नगरमधल्या तारकपूरच्या शीख, पंजाबी, सिंधी मंडळींनी शहरातल्या इतर समाजांना आणि पोलिसांना सोबत घेऊन ‘घर घर लंगर सेवा’ सुरू केली. पोळी-भाजीची पाकिटं भुकेल्यांच्या दारात पोचत होती. त्या दिवसांतले ग्रुपवरचे मेसेज आम्ही जाऊन तपासले. एका आठवड्यात सरदारजीचा एकही विनोद नाही. पुढच्या आठवड्यात आहे. आमची कृतज्ञता सात दिवस टिकते, हे लेखी पुराव्यानिशी सिद्ध झालं.

एवढं सगळं हिंडून विनोदातला सरदारजी काही सापडेना. शेवटी आम्ही एक प्रयोग केला. काकांचा बल्बचा विनोद जसाच्या तसा उचलला, एका शब्दाचाही फरक न करता. फक्त ‘सरदारजी’ खोडून तिथे ‘आपल्या प्रभागाचे माननीय’ लिहिलं आणि सकाळी साडेसहाला पाठवला. मूळ विनोदाला बत्तीस हसरे चेहरे मिळाले होते. आमच्या विनोदाला चौथ्या मिनिटाला ॲडमिनचा फोन आला. “अहो, काढा तो. कुणाच्या भावना दुखावतील. आणि साहेब ग्रुपवर आहेत.”

आम्ही विनोद काढला आणि शोधही थांबवला. इनाम कुणालाच द्यावं लागणार नाही. विनोदातल्या सरदारजीची एकमेव खात्रीची खूण आम्हाला मिळाली आहे. पगडी नाही, दाढी नाही, बारा वाजणंही नाही. तो ग्रुपवर नसतो.