हॅझर्ड तालुका, जिल्हा भंडारा

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हॅझर्ड नावाचा परगणा आहे, असं तुमसरातल्या चार जणांचं ठाम मत आहे. नकाशात तो नाही. 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' ही मालिका रचणाऱ्यांनी तो मनातून काढला, हे त्यांना सांगून झालं. पण मालिका सीबीएस वाहिनीवर 1979 ते 1985 अशी चालली, तिचे 147 भाग झाले, आणि 147 भागांत ज्या गावाची धूळ उडते ते गावच नाही असं कसं म्हणायचं, हा त्यांचा सवाल. शिवाय कागदावर नसलेली गोष्ट जमिनीवर जोरात चालू असू शकते, हे तुमसरच्या माणसाला कोणी शिकवावं? आमच्याकडे कित्येक रेती घाट कागदावर बंद असतात.

मंडळी चार. एक राइस मिलचा मालक, एक मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेला मेकॅनिक, एक मास्तर आणि एक महसूल खात्यातला बाबू, जो चहा सगळ्यांच्या शेवटी संपवतो आणि मत कधीच देत नाही. बैठक बसस्थानकाजवळच्या टपरीवर. मोबाइलवर तुकडे पाहून पाहून त्यांनी या मालिकेचा असा अभ्यास केला आहे की, तेवढा धानाच्या बोनसच्या जीआरचा केला असता तर निम्म्या तालुक्याची कागदपत्रं पहिल्याच फेरीत मंजूर झाली असती.

मालिका अशी. बो आणि ल्यूक ड्यूक हे दोन चुलतभाऊ. घराणं गावठी दारू गाळणारं. त्या दारूच्या वाहतुकीत पकडले गेल्यामुळे दोघं अटींवर सुटलेले, बंदूक बाळगायची मनाई, म्हणून धनुष्यबाण वापरतात. त्यांची नारिंगी गाडी म्हणजे 1969 सालची डॉज चार्जर, नाव जनरल ली. दारं वेल्डिंग करून बंद, आत शिरायचं खिडकीतून. त्यांच्या मागावर बॉस हॉग नावाचा पांढऱ्या सुटातला जाडजूड पुढारी. गावातली बँक त्याची, दारूचा गुत्ता त्याचा, कचेरीही त्याचीच. आणि शेरिफ रॉस्को हा त्याचा साळा. परदेशी मालिका पाहताना एरवी नाती दोनदा समजावून सांगावी लागतात. इथे मिलवाल्याने पहिल्याच तुकड्यात हात वर केला. "हे तं आपलंच हाये. फक्त सूट शिवला."

मेकॅनिकचा आक्षेप शास्त्रीय होता. "गाडी उडते ते ठीक हाये. उतरते कशी ते सांगा. इंजिन समोर, वजन समोर. नाकावरच पडन ना बापा!" त्याचं बरोबर आहे. चार्जरचं नाक जड, म्हणून उडी घेण्याआधी चित्रीकरणवाले तिच्या डिक्कीत वजन भरत. रेतीची पोती, नाहीतर काँक्रीट. 1978 च्या नोव्हेंबरात जॉर्जियातल्या एका कॉलेजच्या आवारात पहिली उडी मारली तेव्हा ती पोलिसांच्या गाडीवरून 82 फूट गेली. पडद्यावर पुढच्याच क्षणी तीच गाडी ठणठणीत धावताना दिसते. प्रत्यक्षात अशी उडी मारलेली गाडी बहुधा भंगारात जायची, आणि मालिकेने अशा तीनशेच्या आसपास गाड्या खाल्ल्या असं म्हणतात. पण एवढं सगळं ऐकून मंडळींच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली.

"डिक्कीत रेती!" मिलवाला म्हणाला. "रॉयल्टी फाडली होती काय?"

बाबूने चहाचा घोट घेतला.

इथून पुढे गप्पा हॅझर्डच्या राहिल्या नाहीत, आणि राहण्याची गरजही नव्हती. वैनगंगा आणि बावनथडी ज्या तालुक्यात आहेत त्याला पाठलागाचं विनोदी नाट्य आयात करावं लागत नाही. आमच्याकडे त्याचा प्रयोग बहुधा रात्री दोननंतर लागतो. घाटातून टिप्पर निघतो. मागे पथकाची बोलेरो. टिप्पर सगळे दिवे मालवून गल्लीत शिरतो, बोलेरो सरळ जाते, परत येते, आणि तोवर रेती कोणाच्या तरी रिकाम्या प्लॉटवर ओतून झालेली असते. हॅझर्डला कथा सांगणारा वेलन जेनिंग्ज आहे. गाडी हवेत असताना चित्र थांबवून तो दोन मिश्कील वाक्यं बोलतो. आमच्याकडे ते काम तालुका वार्ताहर करतो. त्याची वाक्यंही ठरलेली. 'गोपनीय माहितीच्या आधारे', 'सापळा रचून', 'चालक अंधाराचा फायदा घेऊन पसार', आणि शेवटी 'रेती तस्करांचे धाबे दणाणले'. अंधाराचा इतका फायदा कुठल्याही शासकीय योजनेच्या लाभार्थ्याने आजवर घेतलेला नाही. आणि धाब्यांचं म्हणाल तर ती इतक्या वेळा दणाणली आहेत की एव्हाना गळायला हवी होती. पण बांधकाम चांगल्या रेतीचं आहे.

एका बाबतीत आमचे नायक ड्यूक बंधूंपेक्षा सरस, हे मान्य करावं लागेल. जनरल लीच्या दारावर फूटभर आकाराचा 01 हा आकडा, रंग नारिंगी, हॉर्न वाजला की अख्ख्या परगण्याला कळतं कोण आलं. तरीही रॉस्कोला ते सापडत नाहीत. आमच्या टिप्परच्या नंबरप्लेटवर चिखल असतो, किंवा प्लेटच नसते. नंबर नसलेलं वाहन सापडलं नाही यात पथकाचा काय दोष? उलट नंबर नसूनही गावातल्या प्रत्येक पोराला टिप्पर कोणाचा हे कसं कळतं, याचीच चौकशी व्हावी.

ड्यूक बंधूंना सुटकेच्या अटींमुळे परगण्याची हद्द ओलांडायची बंदी आहे. हद्दीवर येऊन बिचाऱ्यांना गाडी वळवावी लागते. बावनथडी मात्र काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते. अलीकडे भंडारा, पलीकडे मध्य प्रदेशातला बालाघाट. टिप्पर अर्ध्या पात्रात उभा असेल तर पंचनामा मराठीत करायचा की हिंदीत, हे ठरेपर्यंत उजाडतं. आणि नदी तर दर पावसाळ्यात आपला काठ हलवते, म्हणजे काल बालाघाटची असलेली रेती आज आपली होऊ शकते. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच असावी.

आता रसिकांबद्दल. हॅझर्डचे चाहते जगभर आहेत, त्यांचे मेळे भरतात, नारिंगी गाड्या रांगेत लागतात. पण निष्ठेत आमचा लोकेशनवाला पोरगा त्यांना हार जाणार नाही. तहसील कार्यालयाच्या समोरच्या पानठेल्यावर तो बसलेला असतो. साहेबांची बोलेरो हलली की त्याचा मोबाइल हलतो. गाडी निघाली, फाटकाजवळ थांबली, ड्रायव्हरने खर्रा घेतला, सिहोऱ्याकडे वळली. एखाद्या नटावर इतकी नजर कोणत्या चाहत्याने ठेवली असेल? साहेबांच्या घरच्यांनाही ते कुठे आहेत हे माहीत नसतं तेव्हा सगळ्या घाटांना माहीत असतं. मास्तर म्हणतो, पोरं गणितात नापास होतात पण बोलेरो किती मिनिटांत कुठे पोहोचेल याचा हिशेब चुकत नाही. वेग, अंतर, काळ हा धडा आता घाटावरच शिकवावा.

मालिकेचा पडता काळही मंडळींना पाठ आहे. 1982 मध्ये बो आणि ल्यूकचं काम करणारे जॉन श्नायडर आणि टॉम वोपाट पैशांच्या वादावरून निघून गेले. मालिकेच्या नावावर खेळणी आणि डबे विकून आलेल्या पैशांत त्यांना वाटा हवा होता, म्हणजे तिथेही भांडण रॉयल्टीचंच. निर्मात्यांनी कॉय आणि व्हान्स असे दोन नवे चुलतभाऊ आणले. तशीच उंची, तसेच केस, तेच संवाद. प्रेक्षक रुसले, आणि 1983 मध्ये जुन्यांना परत आणावं लागलं. हे ऐकून मिलवाल्याला अमेरिकी प्रेक्षकांची कीव आली. बदलीची सवय नाही त्यांना! आपल्याकडे नवे साहेब येतात, पहिला महिना धाडी पडतात, टिप्पर तहसीलच्या आवारात उभे होतात, त्यांच्या चाकांत गवत उगवतं, मग साहेबांची बदली होते आणि गवत निघून जातं. टिप्परसकट. जप्त केलेल्या रेतीचा ढीग ज्याच्या सुपूर्दनाम्यावर ठेवला त्यालाच तो रात्रीतून कमी कसा झाला हे सांगता येत नाही. डिझेल लागत नाही तरी रेती चालते, हे अजून डेट्रॉइटला जमलेलं नाही.

मुंबईत बसलेले लेखकही थकत नाहीत, दर हंगामात पटकथा बदलतात. आधी घाटांचे लिलाव होते. 2023 मध्ये ठरलं की सरकारच डेपो लावून 600 रुपये ब्रासने रेती विकेल. 1 मे रोजी पहिला डेपो थाटात सुरूही झाला, तिकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात. ब्रास म्हणजे 100 घनफूट, आणि 600 रुपये म्हणजे स्वप्न. वाहतूक वेगळी, हे स्वप्नातून जागं झाल्यावर कळायचं. एप्रिल 2025 मध्ये नवं धोरण आलं. डेपो गेले, लिलाव परत आले, घरकुलवाल्याला 5 ब्रास मोफत जाहीर झाली, आणि दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला प्रोत्साहन मिळालं. पटकथा कितीही बदलली तरी पाठलागाचं दृश्य कापलं जात नाही, कारण प्रेक्षक त्यासाठीच बसलेले असतात. जमीन महसूल संहितेचं कलम 48 हे या मालिकेचं शीर्षकगीत. सर्वांना तोंडपाठ, अर्थाकडे कोणाचं लक्ष नाही.

मालिकेत कूटर नावाचा मेकॅनिक आहे. ते काम करणारे बेन जोन्स पुढे खरोखर जॉर्जियातून निवडून गेले आणि 1989 ते 1993 अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत बसले. याचं मात्र टपरीवर कोणालाच नवल वाटलं नाही. गॅरेजवरून थेट सभागृहात गेले, मधे एकही घाट घेतला नाही, एवढंच काय ते विशेष.

एका गोष्टीवर मास्तर गप्प बसेना. जनरल लीच्या छतावर एक झेंडा रंगवलेला आहे. अमेरिकी यादवीत गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या बंडखोरांचा. वर्षानुवर्षं चाहते म्हणत राहिले, गाडीच तर आहे, मजा घ्या. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने नऊ काळ्या भाविकांना गोळ्या घातल्या, त्याचे या झेंड्याबरोबरचे फोटो बाहेर आले, आणि टीव्ही लँड वाहिनीने मालिकेचं पुनःप्रक्षेपण थांबवलं. पहिल्या उडीतली गाडी गोल्फपटू बब्बा वॉटसनने विकत घेतली होती. त्याने छतावरचा झेंडा रंगवून टाकायचं जाहीर केलं. मास्तरचं म्हणणं एवढंच की, छताखाली बसलेल्याला जी मजा वाटते ती रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला वाटेलच असं नाही.

"आपल्या टिप्परवर कोनाचा झेंडा असते?" मेकॅनिकने विचारलं.

"ज्याची सत्ता असन त्याचा," मिलवाला म्हणाला. "आपन रंगवत नाही. क्लिप लावतो."

मास्तर हसला नाही. हॅझर्डमध्ये शेरिफची गाडी तळ्यात पडली तरी पुढच्या दृश्यात तो टोपी झटकत बाहेर येताना दाखवतात. कोणाला काही झालं नाही हे मुलांना दिसावं म्हणून ती काळजी घेतलेली. भंडारा जिल्ह्यात महसूल पथकांवर हल्ले झाल्याच्या बातम्या आल्या आहेत, आणि त्यांत टोपी झटकणारं कोणी नव्हतं. ज्या खेड्यांतून रात्री भरलेले टिप्पर जातात तिथल्या रस्त्याला जनरल लीसुद्धा दिवसा वीसच्या वर जाणार नाही. उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगर-टरबुजाच्या वाड्या लावणाऱ्या ढिवरांना आता रेतीच्या जागी खड्डे मिळतात, आणि खड्ड्यात डांगर लागत नाही. पाणी धरून ठेवणारी रेती गेली की काठच्या विहिरी आधी बोलतात. नदीला यातला कुठलाच भाग पुन्हा चित्रित करता येत नाही.

एवढं झाल्यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही, म्हणून मिलवाल्याने विषय बदलला. मालिकेतल्या डेझीची पांढरी जीप चांगली की जनरल ली, असा वाद त्याने काढला. मेकॅनिक जीपच्या बाजूने बोलू लागला तेवढ्यात मिलवाल्याचा फोन वाजला. त्याच्या नव्या गोदामाचा स्लॅब सोमवारी पडायचा होता.

"हो, आठ ब्रास. मागच्या बाजूनं टाकजो, फाटक उघडं ठेवतो. दोननंतर? चालते. नाही नाही, बिल कायले पायजे?"

फोन ठेवण्याआधी बाबूने त्याच्या खांद्याला हात लावला. त्या दिवशीचं त्याचं ते पहिलंच बोलणं.

"त्याले म्हनाव, माह्याकडंही दोन ब्रास टाकून दे. बाथरूमचं काम काढलं हाये. आज रात्री ड्युटी माहीच हाये, तवा मी घरी नसन. बायको फाटक उघडन."